एकाच बाटलीवर पाच ग्रुप: सोसायटीच्या पाण्याचा एक फील्ड प्रोजेक्ट

केमिस्ट्रीच्या पोरांना पाण्यावर प्रोजेक्ट द्यायचा म्हटलं की आपल्याकडे साचा ठरलेला असतो. पाच-पाच जणांचे ग्रुप पाडायचे, एकाला मुठा, एकाला पाषाण तलाव, एकाला कात्रजचा तलाव, एकाला घरच्या नळाचं पाणी, सगळ्यांनी तेच पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), हार्डनेस (पाण्याचा जडपणा), क्लोराइड काढायचं आणि स्पायरल बाइंडिंग करून सबमिट करायचं. पाचातला एक टायट्रेशन करतो (ब्युरेट नावाच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून, रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजणं), एक टाइप करतो, बाकीचे फोटोत असतात. एका ग्रुपचं रीडिंग चुकलं तर दुसऱ्या ग्रुपला त्याने शष्प फरक पडत नाही, उलट कळतही नाही. याला ग्रुप प्रोजेक्ट म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं.

खाली जे लिहितेय ते हा साचा उलटा करून पाहिला त्याचं प्रकरण आहे. ठिकाणं वाटून न देता मापं वाटून दिली, म्हणजे पाणी सगळ्यांचं एकच, पण प्रत्येक ग्रुपने त्यातले दोन-तीनच आयन (विद्युतभार असलेले विरघळलेले कण) मोजायचे आणि ते सगळ्या सॅम्पल्ससाठी मोजायचे. यामागे कारण शुद्ध केमिस्ट्रीचं आहे. पाण्याला विद्युतभार नसतो, म्हणून त्यातले सगळे धन आयन आणि सगळे ऋण आयन मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे भाराच्या हिशेबात, मांडले की दोन्ही बेरजा जुळल्याच पाहिजेत, जमाखर्चाच्या वहीसारख्या. नाही जुळल्या तर कोणाचं तरी काहीतरी चुकलंय, आणि ते कोणाचं हे एकट्या ग्रुपला आपल्या टेबलावर बसून कळणं शक्य नाही. मला पोरांकडून 'मिळूनमिसळून काम करा' असं सांगून काम करून घ्यायचं नव्हतं (ते कोणी करत नाही), एकमेकांशिवाय उत्तरच निघू नये अशी सोय करायची होती.

कॉलेज, सोसायटी आणि टाइमटेबल

कॉलेज पुण्यातलं साधंच, लॅबमध्ये एक फ्लेम फोटोमीटर, एक यूव्ही स्पेक्ट्रो, दोन कंडक्टिव्हिटी मीटर, आणि ब्युरेटी भरपूर पण निम्म्यांचे नळ गळके. एस.वाय.बी.एस्सी.ची वीस-पंचवीस पोरं. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला दोन क्रेडिट आले, म्हणजे साठ तास, आणि 'फील्ड' म्हणजे नक्की काय यावर स्टाफरूममध्ये बरंच चहापाणी झालं. खरं तर पुण्यात पाण्यावर काम करणाऱ्यांची कमी नाही, खडकवासल्याला १९१६ मध्ये सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय इथेच, पाषाणला एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पण सेकंड इयरच्या पोराला तिथे नेऊन फार तर व्हिजिट होते, प्रोजेक्ट होत नाही. त्यापेक्षा सोसायटी बरी.

सोसायटी सिंहगड रोडच्या पलीकडची, २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांपैकी एकातली. नाव देत नाही. तिथे पाणी तीन ठिकाणाहून येतं: कॉर्पोरेशनची लाइन, सोसायटीची बोअर, आणि उन्हाळ्यात टँकर. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गुइलेन बारे सिंड्रोमचे (जीबीएस, नसांवर परिणाम करणारा आजार) पेशंट सापडायला लागले, नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत, काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस मिळाला आणि बोट पाण्याकडे गेलं. त्यामुळे आमच्या पोरांनी सोसायटीत विचारलं तेव्हा 'कशाला, काय करणार' असं कोणी म्हणालं नाही. सेक्रेटरी काकांनी एवढंच सांगितलं, "पोरांनो, आकडे नकोत मला, पाणी प्यायचं का नाही ते सांगा." हा प्रश्न केमिस्ट्रीची लॅब एकटी सोडवू शकत नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि म्हणून मायक्रोबायोलॉजी डिपार्टमेंटला सोबत घेतलं. त्यांच्या पोरांनी एचटूएस व्हायल (पाण्यात विष्ठेतले जंतू असले की काळी पडणारी कुपी) आणि एमपीएन (जंतूंची अंदाजे संख्या) घ्यायचं, आमच्या पोरांनी आयन.

पाच ग्रुप असे पडले. एक फील्ड ग्रुप: सॅम्पल गोळा करणं, लेबलं, जागेवरचं तापमान, पीएच, कंडक्टिव्हिटी, शिल्लक क्लोरीन. दुसरा हार्डनेसवाला, ईडीटीए या रसायनाने टायट्रेशन करून कॅल्शियम-मॅग्नेशियम. तिसरा फ्लेम फोटोमीटरवर सोडियम-पोटॅशियम. चौथा अल्कलिनिटी (इथे मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट) आणि क्लोराइड. पाचवा स्पेक्ट्रोवर सल्फेट आणि नायट्रेट. सॅम्पल पाच जागांचे: कॉर्पोरेशनच्या लाइनचं तोंड, बोअर, टँकर, संप (जमिनीखालची साठवण टाकी), आणि चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंच्या किचनचा नळ.

फील्ड ग्रुपमध्ये जायला कोणी तयार नव्हतं. सगळ्यांना स्पेक्ट्रो पाहिजे होता, कारण मशीनवर काम केलं की रेझ्युमेत लिहिता येतं, आणि बाटल्या भरून पीएच लिहिणं म्हणजे हमाली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. पुढे काय झालं ते वाचलं की या हमालीचं मोल कळेल.

वाइन रेडचा फोटो

मधेच एक भानगड झाली ती सांगून टाकते, कारण पाण्यावर प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही येणारच. हार्डनेस काढताना पाण्यात अमोनिया बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा इंडिकेटर (रंग बदलून खूण देणारा पदार्थ) टाकलं की रंग वाइन रेड होतो आणि ईडीटीए टाकत गेलं की शेवटी निळा. लाल रंगाचा अर्थ एवढाच की पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे, जे पुण्याच्या जवळजवळ प्रत्येक बोअरमध्ये असणार, आपण बेसॉल्टवर बसलोय. एका पोराने त्या लाल फ्लास्कचा फोटो स्टेटसला टाकला, खाली फक्त सोसायटीचं नाव. तो स्टेटस त्याच्या मावशीने पाहिला, मावशीची नणंद त्याच सोसायटीत, आणि रात्री सोसायटीच्या ग्रुपवर 'आपल्या पाण्यात केमिकल टाकल्यावर रक्तासारखं लाल झालं' असा मेसेज फिरला. जीबीएसमुळे लोक आधीच घाबरलेले. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन.

मग दोघी मुली सोसायटीत गेल्या आणि क्लब हाउसमध्ये टेबल टाकून त्यांनी बाटलीबंद पाण्यावर तीच टेस्ट करून दाखवली, तेही लालच झालं, लोक हसले आणि मिटलं. तेव्हापासून नियम केला की रिपोर्ट होईपर्यंत एकही फोटो बाहेर नाही, आणि खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात दोघी जे शिकल्या ते माझ्या चार लेक्चरमध्ये झालं नसतं. साध्या माणसाला इंडिकेटर समजावून सांगा म्हटलं की आपल्याला तो किती समजलाय हे लगेच उघडं पडतं.

जमा जास्त, खर्च कमी

आता मूळ गोष्ट. सॅम्पल सोमवारी सकाळी आले. हार्डनेस आणि फ्लेमवाल्यांची बॅच सोमवारी दुपारची, त्यांनी लगेच रीडिंग घेतली. सल्फेट-नायट्रेट मंगळवारी. अल्कलिनिटीवाल्यांची बॅच टाइमटेबलमध्ये शुक्रवारी, त्यामुळे त्यांनी शुक्रवारी घेतली. बाटल्या तोवर लॅबच्या ओट्यावर, कारण डिपार्टमेंटच्या फ्रिजमध्ये जागा नव्हती (त्यात काय असतं हे ज्यांनी कॉलेजात काम केलंय त्यांना विचारू नये).

शनिवारी सगळे जण फळ्यासमोर जमले आणि पाच सॅम्पल्सचं टेबल भरलं. बोअरच्या पाण्याचं उदाहरण घेते. हार्डनेस ४२० मिग्रॅ प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. त्याला पन्नासने भागलं की ८.४ मिलिइक्विव्हॅलंट. सोडियम-पोटॅशियम मिळून २.८. धन बाजूची बेरीज ११.२. ऋण बाजूला अल्कलिनिटी २६०, त्याच हिशेबात, म्हणजे ५.२; क्लोराइड ९२, म्हणजे २.६; सल्फेट १.० आणि नायट्रेट ०.५. बेरीज ९.३. दोघांच्या फरकाला दोघांच्या बेरजेने भागून टक्के काढले की नऊच्या वर. पाचच्या आत आलं तर छान, कॉलेजच्या लॅबला मी जास्तीत जास्त पाच-सहा मान्य करते, नऊ म्हणजे काहीतरी गेलंय.

पहिली प्रतिक्रिया अगदी अपेक्षित. "मॅडम, किती यायला पाहिजे?" आपल्या पोरांना अकरावीपासून सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) जुळवायची सवय असते, तीन रीडिंग, तिन्ही सारखी, जर्नल सर्टिफाय. एकाने तर उपाय पण काढला, सोडियम जरा कमी दाखवू, बॅलन्स येतो. मला हसू आलं, कारण हा उपाय त्याने शोधलेला नाही, सोडियम न मोजता फरकातून काढायचं आणि मग बॅलन्स शून्य आला म्हणून खूश व्हायचं हे मोठमोठ्या लोकांनी केलेलं आहे. लायब्ररीतल्या एखाद्या जुन्या रिपोर्टमध्ये प्रत्येक सॅम्पलचा बॅलन्स अगदी शून्य दिसला तर शंका घ्यावी, असं मी त्यांना सांगितलं, आणि दुसरं हे सांगितलं की या प्रोजेक्टमध्ये बॅलन्स जुळण्याला एकही मार्क नाही. मार्क आहेत ते शोध कसा घेतला त्याच्या नोंदींना, पेनने लिहिलेल्या, खोडरबर न लावलेल्या. हे आधीच जाहीर केलेलं होतं म्हणून बरं झालं, नाहीतर त्या दिवशी सोडियम नक्की कमी झालं असतं.

मग आरोप सुरू झाले. सगळ्यांचं बोट फ्लेम फोटोमीटरकडे, कारण मशीन जुनं आणि ज्योत कधीकधी फडफडते. त्या ग्रुपने बिचाऱ्यांनी स्टँडर्ड पुन्हा बनवून पूर्ण कॅलिब्रेशन परत काढलं, आकडा तोच. मग अल्कलिनिटीवाल्यांवर, की तुमच्या सल्फ्युरिक ॲसिडची नॉर्मॅलिटी (तीव्रता) चुकली असेल. इथे एका मुलाने जे म्हटलं त्याला मी मनात पूर्ण मार्क देऊन टाकले: "ॲसिड चुकलं असतं तर पाचही सॅम्पल्स सारख्याच टक्क्यांनी चुकले असते ना, पण कॉर्पोरेशनचं पाणी बरोबर जुळतंय, फक्त बोअर आणि टँकर बिघडलंय, आणि संप मधेच आहे." म्हणजे जेवढं पाणी जड तेवढी चूक मोठी. एका सॅम्पलवर काम करणाऱ्या ग्रुपला हे कधीच दिसलं नसतं.

तिसरा संशय हार्डनेसवर. त्यांनी ओट्यावरच्या त्याच बोअरच्या बाटलीतून पन्नास मिली घेऊन परत टायट्रेशन केलं. सोमवारी ब्युरेट २१.० वर थांबली होती, आता १६.८ वर निळा. ४२० चे ३३६ झाले. बाकीच्यांनी लगेच जल्लोष केला की चूक सापडली, सोमवारी तुम्ही एन्ड पॉइंट (रंग बदलायचा नेमका क्षण) ओलांडला होता. पण त्यांच्याकडे सोमवारच्या दोन जोड बाटल्यांची रीडिंग होती. फील्ड ग्रुपने कोणालाही न सांगता बोअरचंच पाणी वेगळा नंबर टाकून दुसऱ्या बाटलीत दिलं होतं (ही डमी बाटली प्रत्येक फेरीत असते, कोणती ते फक्त फील्ड ग्रुपला माहीत) आणि दोन्हीचं सोमवारचं उत्तर सारखंच होतं. मग सोमवारचं पण बरोबर आणि आजचं पण बरोबर?

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग फील्ड ग्रुपमधली एक मुलगी, जी चिठ्ठीत तिथे गेल्यामुळे पहिले दोन आठवडे माझ्यावर रुसलेली होती, तिने आपली वही उघडली आणि म्हणाली की सोमवारी बोअरच्या तोंडाशी पीएच ७.१ लिहिलाय, मी आत्ता त्याच बाटलीत मीटर घातला, ८.२ दाखवतोय. मीटर खराब? बफर ४, ७, ९.२ तिन्हींवर तपासला, ठीक.

तोवर लॅबचे मामा बाटल्या विसळायला घेऊन चालले होते. त्यांनीच दाखवलं, "मॅडम, ही आतून पांढरी झालीये, ब्रशने निघत नाही." बाटलीच्या आतल्या बाजूला, अर्ध्यापर्यंत, पिठाचा हात लागल्यासारखा पातळ थर. ड्रॉपरने डायल्यूट एचसीएलचा एक थेंब सोडला, बारीक बुडबुडे आले आणि थेंबाच्या वाटेवर काच स्वच्छ झाली.

बाकी त्यांनी स्वतः जोडलं. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळलेला असतो, मातीतून आलेला. वर आलं की तो निघून जातो, पीएच चढतो, आणि मग कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. एका कॅल्शियममागे दोन बायकार्बोनेट जातात, म्हणून कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात हार्डनेस जेवढी कमी होते तेवढीच अल्कलिनिटी कमी व्हायला हवी. हार्डनेस ८४ ने पडली होती. पण सोमवारी अल्कलिनिटी कोणी मोजलीच नव्हती. आणि एक गंमत, बाटली अर्धी रिकामी का होती? कारण चार ग्रुपनी त्यातूनच पाणी काढलं होतं. वरच्या रिकाम्या जागेत कार्बन डायऑक्साइडला जायला मोकळं रान. सगळ्यांनी एकच बाटली वापरायची या माझ्या लाडक्या कल्पनेचाच हा दुष्परिणाम, असं एकाने तोंडावर सांगितलं आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पुढच्या सोमवारी अल्कलिनिटीवाले ब्युरेट, स्टँड आणि मिथिल ऑरेंज घेऊन थेट सोसायटीच्या पंपरूममध्ये. वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची हे टेबल. पाणी भरलं की दोन मिनिटांत टायट्रेशन, पिवळ्याचं फिकट केशरी झालं तेव्हा ब्युरेट १७.५ वर, म्हणजे ३५०. आधीच्या २६० पेक्षा ९० जास्त, हार्डनेसच्या ८४ शी जवळपास जुळतं. ऋण बाजूची बेरीज ११.१, धन बाजू ११.२. पंपरूममधून फोन आला तेव्हा लॅबमध्ये जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या फिजिक्सवाल्यांनी येऊन विचारण्याइतका होता.

ही चूक एकट्या कुठल्या ग्रुपची नव्हती आणि शोधही एकट्या कुठल्या ग्रुपचा नव्हता. फील्डचा पीएच, हार्डनेसची दोन रीडिंग, डमी बाटली, पाच सॅम्पल्सचा पॅटर्न आणि मामांची पांढरी बाटली, यातलं एक जरी काढलं तरी गाडी अडकली असती. ठिकाणं वाटून दिली असती तर बोअरवाल्या ग्रुपने २६० लिहून, भारतीय मानक १०५०० मधल्या २०० आणि ६०० च्या मधे बसतंय म्हणून समाधानाने बाइंडिंग केलं असतं.

संपात काय मिसळतंय

आकडे भरवशाचे झाल्यावर पोरांना धीर आला. काकांनी सुरुवातीला ठामपणे सांगितलं होतं की बोअर फक्त बाथरूम आणि बागेसाठी, प्यायच्या संपात फक्त कॉर्पोरेशन, टँकर आला तर तो. पण संपाचं पाणी दोघांच्या मधलं दिसत होतं. वॉचमनकडे टँकरची वही असते, कोणत्या दिवशी किती गाड्या, त्यावरून लागोपाठ काही दिवस टँकर न आलेला आठवडा निवडला, म्हणजे मिसळणारे फक्त दोनच. क्लोराइड कशात रमत नाही, ना खाली बसत ना उडून जात, म्हणून त्यावरून हिशेब: कॉर्पोरेशन १२, बोअर ९२, संप ५२. म्हणजे अर्धं-अर्धं. हार्डनेसवाल्यांनी त्यांच्याकडून काढलं, ४०, ४२० आणि २३०, तेही अर्धं-अर्धं. दोन ग्रुप, दोन वेगळी टायट्रेशन, एकच उत्तर.

काका आधी चिडले. मग प्लंबरला बोलावलं, तर लाइनचं प्रेशर कमी असलं की बोअरचा पंप आपोआप संपात पाणी टाकतो अशी जोडणी आधीच्या कमिटीच्या काळात झालेली निघाली. त्यात मायक्रोबायोलॉजीवाल्यांची बोअरची एचटूएस व्हायल दोन दिवसांत काळी पडली आणि फील्ड ग्रुपला काकूंच्या किचनच्या नळाला शिल्लक क्लोरीन शून्य मिळालं, मानकाप्रमाणे ते किमान ०.२ मिग्रॅ हवं.

इथे पोरांमध्ये खरा वाद झाला, काय सांगायचं आणि कुठपर्यंत. काळी व्हायल म्हणजे सांडपाणी मिसळल्याची शंका, जीबीएसचा पुरावा नाही, कॅम्पिलोबॅक्टर वेगळ्या पद्धतीने शोधावा लागतो. नायट्रेट ३१, मर्यादा ४५, म्हणजे मर्यादेत. एकीचं म्हणणं की मर्यादेत आहे लिहून मोकळं व्हावं. दुसऱ्याचं म्हणणं की नायट्रेट, क्लोराइड आणि व्हायल एकत्र वाचलं तर मर्यादेत आहे एवढंच लिहिणं ही फसवणूक आहे. मी शक्यतो मधे पडले नाही. शेवटी एका पानाचं पत्र तयार झालं, मराठीत: संपात बोअरचं पाणी मिसळतंय, नळाला क्लोरीन राहत नाही, बोअरची व्हायल काळी आली, आमची लॅब शिकण्याची आहे, म्हणून एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडून तपासणी करून घ्या, तोवर बोअरची संपाची लाइन बंद ठेवा, क्लोरीन रोज तपासा, प्यायचं पाणी उकळा. 'पिण्यायोग्य' किंवा 'अयोग्य' हे शब्द पत्रात कुठेही नव्हते, त्यावरून दोन तास गेले होते. काकांनी पत्र लिफ्टमध्ये चिकटवलं आणि लाइन त्याच आठवड्यात बंद केली. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी टीडीएस मीटर आणून दाखवला की माझा आकडा तर कमी आहे, मग त्यांना सांगावं लागलं की हा मीटर विद्युतवहन मोजतो, जंतू त्याला दिसत नाहीत.

जे जमलं नाही

साठ तासांत हे झालं असं कोणी समजू नये, बरंच जास्त लागलं आणि त्यातला मोठा भाग बाटल्या धुण्यात. क्लोराइड मोजायला लागणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटचं बिल बघून ऑफिसने प्रश्न विचारले, पुढच्या वेळी कमी व्हॉल्यूमवर आणि बारीक ब्युरेटने करणार आहोत. मार्कांचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. प्रत्येकाच्या वायवात (तोंडी परीक्षेत) मी दुसऱ्या ग्रुपच्या मापावर प्रश्न विचारले, म्हणजे स्पेक्ट्रोवाल्याला अल्कलिनिटी आणि फील्डवालीला फ्लेम, आणि तिथे तीन-चार जण साफ आडवे झाले, इतके दिवस ते फक्त आपलं टेबल सांभाळून होते. म्हणजे फोटोत उभं राहणारे इथेही निघालेच. पुढच्या बॅचला सत्राच्या मध्यावर ग्रुप फोडून प्रत्येक नव्या ग्रुपमध्ये जुन्या पाचही ग्रुपचा एकेक जण घालायचा विचार आहे, फ्लेमवाले आत्तापासूनच नाराज आहेत.

पद्धतीत बदल झाले ते साधे. अल्कलिनिटी आणि पीएच जागेवरच. प्रत्येक मापाला वेगळी बाटली, काठोकाठ भरून, झाकणाखाली बुडबुडा न ठेवता. कॅल्शियम आणि बाकी धातूंच्या बाटलीत जागेवरच थोडं नायट्रिक ॲसिड. फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून त्यावर फील्ड ग्रुपने स्वतःच्या हाताने पाटी लावलीये. आणि या वर्षी फील्ड ग्रुपसाठी चिठ्ठ्या टाकायची वेळ आली नाही, उलट तिथेच जास्त नावं आली.

टँकरचं कोडं मात्र तसंच आहे. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं किंवा बोअरचं हे ड्रायव्हर सांगत नाही, मालक तर फोनच घेत नाही. दोन मुलांनी आजूबाजूच्या आठ-दहा बोअरचे आयनांचे प्रमाण काढून कोणाशी जुळतं ते बघायला घेतलंय, क्लोराइडला सोडियम किती, कॅल्शियमला मॅग्नेशियम किती, असं. अडचण ही की बेसॉल्टमधलं पाणी सगळीकडे थोडंफार एकाच घराण्यातलं, त्यात उन्हाळ्याचं आणि पावसाळ्यानंतरचं प्रमाण बदलतं, त्यामुळे मे महिन्याचे सॅम्पल ऑक्टोबरच्या सॅम्पल्सशी लावून उपयोग नाही. मेमधले फक्त तीनच बोअरचे हातात आहेत, बाकीच्या सोसायट्यांना परवानगीची पत्रं गेलीयेत, त्यातल्या दोघांनी होकार दिलाय आणि एकीने विचारलंय की रिपोर्ट लिफ्टमध्ये लावणार नाही ना.